सुफळ संपूर्ण न झालेल्या कहाणीचं वाचन

काळेवाडीत तापकीर चौकापासून पाच मिनिटांवर आम्ही राहतो. नवरा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. गेल्या दीड वर्षात मी सर्वाधिक वेळा वाचलेला मजकूर कोणता, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर असं आहे : दर महिन्याच्या दोन तारखेला मोबाइलवर येणारा फायनान्स कंपनीचा संदेश. पाच तारखेला खात्यातून ७,४०० रुपये वळते होणार, तेवढी शिल्लक ठेवावी. एकूण हप्ते १८. चौथा हप्ता गेला त्याच आठवड्यात सोनोग्राफीच्या पडद्यावर ठोके दिसले नाहीत. नववा आठवडा चालू होता. उरलेले चौदा हप्ते ठरल्या तारखेला जात राहिले.

त्या चौदा महिन्यांत पेशाच्या सवयीने मी एक प्रश्न घेऊन जुनं-नवं वाचत गेले. मूल नसण्याबद्दल मराठीत जे सांगितलं गेलं आहे, म्हणजे श्रावणातल्या कहाण्या, नवस, चरित्रं, सिनेमे आणि अलीकडचे विम्याचे कागद, त्यात मधेच गेलेल्या गर्भाचं काय होतं? आणि त्याच्यासाठी मोजलेल्या पैशांचं काय होतं? माझं निरीक्षण थोडक्यात मांडते. आपल्या या सगळ्या कथनांना एकच शेवट ठाऊक आहे, तो म्हणजे सुफळ संपूर्ण. शेवटी मांडीवर मूल आलं की आधीचा खर्च, आधीची फसवणूक, आधीचं रक्त, सगळं त्या फळाच्या खाती जमा होतं. फळ आलं नाही तर मात्र सांगायला कथाच उरत नाही. आणि कथा नसली की त्या दुःखाला घरात, कार्यालयात, कायद्यात जागा मिळणं कठीण होतं. मात्र या कथनांपैकी अगदी जुन्या एकीत ही जागा आहे. आपण ती वाचत नाही, एवढंच.

पॅकेज

आधी पैशांबद्दल, कारण मराठी लेखनात या विषयावर लिहिताना पैशांचा उल्लेख ओशाळेपणाने होतो. आमचं दोन वेळा आययूआय करून झालं होतं. मग आयव्हीएफ. नदीपलीकडच्या एका केंद्रात ‘पॅकेज’ १ लाख ६५ हजारांचं ठरलं. पॅकेज हा शब्द मी तोवर लग्नाच्या हॉलपुरता ऐकला होता. त्यात काय आहे यापेक्षा काय नाही, हे महत्त्वाचं असतं, हे हॉलच्या अनुभवावरून कळायला हवं होतं. इंजेक्शनं, रक्ताच्या काही तपासण्या, गर्भ गोठवून ठेवण्याचं शुल्क हे सगळं बाहेर. एकूण आकडा २ लाख ३० हजारांच्या आसपास गेला. माझं गंठण बँकेत गहाण पडलं. भिशीचा नंबर मी विनवण्या करून आधी लावून घेतला. उरलेल्यासाठी हप्ते.

हे सारं गुपचूप झालं. नणंदेनं विचारलं, ‘वहिनी, गंठण कुठंय?’ मी म्हटलं, पॉलिशला दिलंय. आमच्याकडे पहिले तीन महिने दिवस गेल्याचं कुणाला सांगत नाहीत. उपचारांचं तर मुळीच सांगत नाहीत. त्याचा परिणाम असा होतो की गर्भ राहिला हेच कुणाला ठाऊक नसतं, त्यामुळे तो गेला हेही कुणाला सांगता येत नाही. पैसे लपवले की दुःखही आपोआप लपतं. मी शिकवायला गेले तेव्हा सहकाऱ्यांनी विचारलं, ‘मॅडम, व्हायरल होतं का?’ मी हो म्हटलं.

तीन बाया

श्रावणातल्या शुक्रवारची जिवतीची कहाणी मी लहानपणापासून ऐकत आले. पोथ्यांप्रमाणे तपशील थोडे बदलतात, सांगाडा एकच. राजाराणीला मूल नाही. राणी सुईणीला बोलावते आणि पुष्कळ द्रव्य देऊ करून एक मुलगा चोरून आणायला सांगते. गावात एक गरीब ब्राह्मणीण गरोदर असते. सुईण तिच्या बाळंतपणाला जाते, भीती वाटेल असं सांगून तिचे डोळे बांधते, मूल उचलून राणीकडे पोचवते आणि ब्राह्मणिणीपुढे कुंचा बांधलेला वरवंटा ठेवते. तुला हेच झालं, म्हणते. इकडे राणीने पोटाला लुगड्याच्या घड्या बांधून गर्भारपणाचं सोंग केलेलं असतंच.

ही कहाणी मातृमहिम्याची म्हणून सांगितली जाते. पण तिची सुरुवात एका सौद्याने होते, हे आपण किती सहज ऐकून सोडून देतो. मुलासाठी पैसे मोजणारी बाई ही आजच्या काळाची विकृती असल्यासारखं हल्ली बोललं जातं. जिवतीच्या कहाणीत ती पहिल्याच वाक्यांत उभी आहे, आणि तिच्या मागे तिला तसं करायला लावणारा राजवाडाही. सोंग राणीचं असलं तरी त्याची गरज राणीची एकटीची नाही. पोट दिसलं नाही तर तिला वाड्यात जागा नाही.

दुसरी बाई वरवंटेवाली. तिचं बाळ गेलेलं नाही, हे ऐकणाऱ्याला माहीत असतं, तिला नसतं. तिच्यापुरतं सत्य एवढंच की नऊ महिने पोटात वाढवलं आणि हाती दगड आला. कहाणी इथे थांबून एक विलक्षण गोष्ट करते. ती बाई दुःखी झाली, एवढं सांगून पुढे न जाता, तिने त्यानंतर काय केलं ते सांगते. तिने हिरवं लुगडं सोडलं, हिरव्या बांगड्या सोडल्या, कारल्याच्या मांडवाखालून जाणं सोडलं, तांदळाचं धुण ओलांडणं सोडलं. दर श्रावणी शुक्रवारी ती जिवतीची पूजा करून चारी दिशांना तांदूळ टाकी आणि आपलं बाळ जिथे असेल तिथे सुखी असो, असं म्हणे.

नेम का धरले, याचं कारण कहाणी देत नाही. हिरवा रंग आपल्याकडे डोहाळजेवणाचा, चुड्याचा, ओटीचा. हाती दगड आलेल्या बाईनं हिरवं सोडणं म्हणजे तिनं स्वतःसाठी बांधलेला शोकाचा आचार आहे, असं मी वाचते. तिच्या दुःखाला प्रेत नव्हतं, चिता नव्हती, दहावा-तेरावा नव्हता. मग तिनं अंगावरच्या रंगात आणि चालायच्या वाटेत ते ठेवलं. वरून पाहणाऱ्याला काही कळणार नाही आणि तिला रोज आठवेल, असं.

तिसरी बाई तर आपल्या लक्षातही राहत नाही. मोठा झालेला राजपुत्र काशीच्या वाटेवर एका ब्राह्मणाच्या घरी उतरतो. त्या घरातली मुलं जन्मल्यावर पाच-सहा दिवसांत दगावत असतात. रात्री सटवी येते, दारात राजपुत्र आडवा झोपलेला असतो, जिवती सटवीला त्याला ओलांडू देत नाही आणि त्या रात्री मूल वाचतं. पुढे राजपुत्राच्या ताटासमोर खऱ्या आईला पान्हा फुटतो, ओळख पटते, कहाणी संपते. पण आधी गेलेली पाच-सहा मुलं? त्यांची आई एका वाक्यात येते आणि वाचलेल्या मुलाबरोबर सुखी होऊन निघून जाते. ‘सुफळ’ या शब्दाचं काम इथे नेमकं दिसतं. एक फळ आलं की आधीची पानगळ मोजायची नसते.

नवस आणि हप्ता

पवनेपलीकडे चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आहे. परंपरा सांगते की त्यांच्या आईवडिलांना मूल नव्हतं, मोरगावच्या मयूरेश्वराची आराधना केल्यावर मोरया झाले. ज्या गावाशेजारी आशियातल्या मोठ्या वाहन कारखान्यांची रांग उभी राहिली, त्या गावाची मूळकथाही अपत्यप्राप्तीचीच आहे. आमच्या इमारतीतल्या बायका एकवीरेला, जेजुरीला, आपापल्या गावच्या देवीला बोललेल्या असतात. सासूबाईही माझ्या नावाने बोलल्या होत्या. किती आणि काय, ते त्यांनी मला सांगितलं नाही.

नवसाकडे अंधश्रद्धा म्हणून पाहण्याची सवय मला शिक्षणाने लावली. करार म्हणून मी तो हप्ते भरताना पहिल्यांदा वाचला. नवसाची क्रियापदं पाहा : बोलणं, फळणं, फेडणं. या क्रमात पैसा शेवटी येतो. फळला तर फेडायचा. फळला नाही तर देवाचं काही देणं नाही. म्हणजे अपयशाची जोखीम देवावर आहे. हप्त्याचा क्रम उलटा. आधी सही, मग सुरुवातीची रक्कम, मग प्रयत्न, आणि प्रयत्न फसला तरी पाच तारीख. इथे जोखीम सगळी घरावर.

नवस निर्मळ होता, असं मला म्हणायचं नाही. खंडोबाला पहिलं अपत्य वाहण्याचा नवस असे. मुलगा झाला तर वाघ्या, मुलगी झाली तर मुरळी. तिथे फेड मुलाच्याच आयुष्यातून होई आणि मुरळीने ती कशी केली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. मूल होत नसलेल्या बाईच्या अगतिकतेवर किती जणांनी धंदा केला, याचा पुरावा कायद्यातच आहे : २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, अलौकिक शक्तीने मातृत्व देण्याचं आश्वासन देऊन स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणं हा प्रकार वेगळा नोंदवावा लागला.

उलट बाजूही मांडायला हवी. डॉक्टर देव नाही. त्याने फळ दिल्यावरच पैसे घ्यावेत, ही अपेक्षा चूक ठरेल. औषध वापरलं गेलं, प्रयोगशाळा रात्रभर चालली, माणसांनी काम केलं. वय वाढतं तसं यशाचं प्रमाण घटतं आणि निष्णात हातांनाही ते बदलता येत नाही. ओळखता आलेल्या दर दहा गर्भारपणांपैकी साधारण एक-दोन आपोआप संपतात, त्यात सुरुवातीच्या काळात संपणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांतल्या दोषामुळे. म्हणजे अपयश कुणाचा गुन्हा नाही. पण मग प्रश्न असा राहतो की ज्याच्यात कुणाचाच गुन्हा नाही, त्याची किंमत एकाच घराने का भरावी? गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात सरकारने २०२३ मध्ये हे उपचार मोफत सुरू केले, तेव्हा देव आणि फायनान्स कंपनी यांच्यामधली एक तिसरी जागा दाखवून दिली. जोखीम सगळ्यांनी मिळून घ्यायची, ही ती जागा.

नुकसानीची वसुली

आधुनिक मराठी कथनांत हे बदललं असेल, असं वाटून मी तिकडे वळले. पहिलं नाव अर्थात आनंदीबाई जोशींचं. वयाच्या चौदाव्या वर्षी बाळंत झालेल्या आनंदीबाईंचा मुलगा दहा दिवस जगला. पुढे त्या अमेरिकेला गेल्या, मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली. प्रबंधाचा विषय हिंदू आर्यांचं प्रसूतिशास्त्र. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा बावीसही पूर्ण नव्हतं.

काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं चरित्र, श्री. ज. जोशींची १९६८ ची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी, समीर विद्वांस यांचा २०१९ चा त्याच नावाचा चित्रपट, शाळेच्या पुस्तकांतले धडे, सगळ्यांतून हा प्रसंग आपल्या मनात एका विशिष्ट जागी बसला आहे. बाळ गेलं, म्हणून त्या डॉक्टर झाल्या. हे कारण खोटं नाही. पण त्या ‘म्हणून’ला किती वजन उचलावं लागतं! बाळाच्या मृत्यूची वसुली पदवीने होते. दहा दिवसांचं ते मूल पायरी होतं आणि तिच्यावर पाय ठेवून कथा वर जाते. आनंदीबाई डॉक्टर झाल्या नसत्या, तर त्या मुलाचा उल्लेख मराठीत कुठे राहिला असता? त्या काळात अशी किती मुलं गेली आणि त्यांच्या चौदा-पंधरा वर्षांच्या आया त्याच स्वयंपाकघरात राहिल्या. त्यांना चरित्रकार मिळाला नाही.

पैशांच्या बाबतीत मराठी सिनेमाने एकदा धीट पाऊल टाकलं. समृद्धी पोरे यांचा ‘मला आई व्हायचंय!’ हा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा, २०११ साली पडद्यावर आलेला चित्रपट. हिंदीत त्यावरून २०२१ मध्ये ‘मिमी’ झाला. परदेशी बाई पैसे देऊन गावातल्या यशोदेकडे गर्भ वाढवायला देते आणि मुलात दोष असल्याचं कळताच निघून जाते. मूल जन्मतं, यशोदा ते वाढवते, मग ती बाई परत येते. जिवतीची कहाणी इथे शंभर टक्के हजर आहे : पैसेवाली राणी, गरीब आई, दोघींमध्ये एक मूल. चित्रपटाची सहानुभूती पोटात वाढवणाऱ्या बाईकडे आहे आणि ते योग्यच. पण पैसे मोजणारी बाई पुन्हा एकदा परकी, कोरडी, जवळजवळ खलनायिका होते. काळेवाडीत गंठण गहाण टाकणारी राणी या चौकटीत कुठे बसणार? तिच्यापाशी राजवाडा नाही, आणि मूलही नाही.

विज्ञानाचा इतिहासही याच चालीने सांगितला जातो. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली आणि तो शब्द मराठी घराघरांत गेला. त्याआधी ३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी हे साधलं होतं, पण त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपवलं. पुढे १९९७ मध्ये आनंद कुमारांनीच त्यांची टिपणं अभ्यासून श्रेय त्यांना दिलं, हा आपल्या विज्ञानातला मोठ्या मनाचा प्रसंग. जगातली पहिली म्हणून २५ जुलै १९७८ ला जन्मलेली लुईस ब्राउन सर्वांना माहीत असते. त्याच एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांच्या हातून राहिलेला आधीचा गर्भ, १९७६ मधला, गर्भाशयाऐवजी नळीत रुजला होता आणि टिकला नाही, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणजे या तंत्राची सुरुवातच एका बाईच्या गर्भनाशाने झाली. केंद्राच्या प्रतीक्षागृहातल्या भिंतीवर जन्मलेल्या बाळांचे फोटो असतात. तिथे बसलेल्या आम्हा बायकांपैकी बऱ्याच जणी १९७६ च्या त्या बाईच्या नात्यातल्या असतात. तिचा फोटो कुठेच नसतो.

कागदांची भाषा

कंपनीच्या आरोग्य विम्यातून निदान पिशवी साफ करण्याचा खर्च मिळेल, म्हणून नवऱ्याने कागद दिले. दावा नामंजूर झाला. मी पॉलिसी वाचायला घेतली. विमा नियामकाने २०१९ मध्ये वगळायच्या बाबींचे शब्द सर्व कंपन्यांसाठी प्रमाण करून दिले आहेत. क्रमांक १७ वंध्यत्वाचा : आयव्हीएफसकट सगळे सहायक उपचार बाहेर. क्रमांक १८ मातृत्वाचा : त्यासाठी जादा कवच घेतलेलं नसेल तर बाळंतपणाचा खर्च बाहेर, अपवाद नळीतल्या गर्भाचा. आणि गर्भपाताचा खर्चही बाहेर, तो अपघाताने झाला असेल तर गोष्ट वेगळी.

समीक्षक म्हणून मला या मजकुराचं कौतुक वाटलं. एवढ्या कमी शब्दांत एवढं जगदर्शन क्वचित मिळतं. अपघात म्हणजे बाहेरून झालेला आघात. मी स्कूटरवरून काळेवाडी फाट्याला पडले असते तर माझं दुःख ग्राह्य होतं. आतल्या आत थांबलेले ठोके हा अपघात नाही. मग तो काय आहे, याला त्या भाषेत शब्द नाही. १७ आणि १८ या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत मी राहत होते.

२०२१ चा सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यात वयाची मर्यादा आहे, केंद्रांची नोंदणी आहे, बीजांड देणाऱ्या स्त्रीसाठी जोडप्याने १२ महिन्यांचा विमा काढावा अशी चांगली तरतूद आहे. यशाची शक्यता किती, परिणाम काय, याबद्दल केंद्राने जोडप्याचं समुपदेशन करावं, हेही आहे. आमचं समुपदेशन सात ठिकाणच्या सह्यांत झालं. गर्भ राहून गेला तर काय, यावर त्या सात पानांत एक ओळ होती आणि ती शुल्क परत मिळणार नाही, याबद्दल होती.

त्या मानाने जुना कायदा माणुसकीचा निघाला. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने २६ व्या आठवड्यापर्यंत गर्भ गेला तर त्या दिवसापासून सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांच्या राज्य कामगार विम्यातही ही सहा आठवड्यांची सोय आहे. चाकण-भोसरीच्या असेंब्ली लाइनवर उभ्या राहणाऱ्या किती मुलींना ही रजा आपली आहे, हे कुणी सांगितलं असेल? मी माझ्या वर्गातल्या मुलींना सांगते. मला स्वतःला ती मिळाली नाही. तासिका तत्त्वावर रजाच नसते, कारण पदच नसतं. जितके तास तितकं मानधन. मी पाचव्या दिवशी वर्गावर गेले.

आणखी मागे गेल्यावर एक अनपेक्षित कागद सापडला. ‘धर्मसिंधू’, काशिनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपुरात रचलेला, मराठी घरांत शंभर-दीडशे वर्षं प्रमाण मानला गेलेला ग्रंथ. धर्मशास्त्राने चौथ्या महिन्यापर्यंतच्या गर्भनाशाला स्राव म्हटलं, पाचव्या-सहाव्यातल्याला पात, त्यापुढे प्रसूती. आईला साधारणपणे जितके महिने तितक्या दिवसांचं अशौच. हा विटाळाचा हिशेब आहे, करुणेचा नाही. बाईला बाजूला बसवणारं शास्त्र मला परत नको आहे. पण त्या हिशेबात एक गोष्ट मान्य केलेली होती : काहीतरी घडलं, ते किती महिन्यांचं होतं हे मोजलं पाहिजे, आणि तितके दिवस या घरात नेहमीसारखं चालणार नाही. आम्ही विटाळ सोडला ते बरंच झालं. त्याच्याबरोबर ते दिवसही गेले.

बोलभाषेने मात्र शास्त्रापेक्षा आणि कायद्यापेक्षा बारीक फरक जपला होता. पोट पडणं वेगळं, पाडणं वेगळं. एक आपोआप घडतं, दुसरं केलं जातं. छापील मराठीने दोन्हींसाठी ‘गर्भपात’ हा एकच शब्द घेतला आणि तो उच्चारताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत एक प्रश्न उमटतो, की तुम्ही केला की झाला? म्हणून शिकलेल्या बायका ‘मिसकॅरेज’ म्हणतात. इंग्रजीच्या आवडीने नाही, त्या प्रश्नातून सुटण्यासाठी.

जिवतीचा कागद

सासूबाई दर श्रावणात जिवतीचा छापील पट लावतात. नृसिंह, कालियामर्दन, बुध-बृहस्पती आणि मुलांच्या गराड्यातल्या जरा-जिवंतिका. ही जरा कोण, हे मी कधी विचारलं नव्हतं. महाभारतातल्या सभापर्वात ती आहे. मगधाच्या बृहद्रथाला मूल नव्हतं. ऋषीने दिलेला आंबा त्याच्या दोन राण्यांनी निम्मा-निम्मा खाल्ला आणि दोघींना अर्धी-अर्धी शरीरं झाली. दायांनी ते निर्जीव तुकडे चव्हाट्यावर टाकून दिले. जरा राक्षशीणीने ते उचलले, जोडले, आणि जरासंध झाला. कथा जरासंधाच्या पराक्रमाकडे धावते. पण मराठी बायकांनी देवघरात लावलेल्या कागदावर जरासंध नाही, जरा आहे. घराने टाकून दिलेलं जिने हातात घेतलं, ती.

जिवतीची पूजा मूल असलेल्या बाया करतात, असा रिवाज. त्या श्रावणात, सोनोग्राफीनंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी, सासूबाईंनी पटाला आघाडा-दूर्वांची माळ घातली, नवऱ्याला ओवाळलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यांनी मला पुढे बोलावलं नाही, टाळलंही नाही. परगावच्या नणंदेच्या मुलांसाठी चारी दिशांना अक्षता टाकल्या आणि उरलेले चार दाणे माझ्या तळहातावर ठेवले. म्हणाल्या, ‘तूही टाक गं.’ कुठल्या दिशेला, ते त्या म्हणाल्या नाहीत. मी गॅलरीत जाऊन टाकल्या. खाली बीआरटीची बस चालली होती.

मी वर ज्याला वरवंटेवालीचं वाचन म्हटलं, ते मला त्या दिवशी कळलं. कहाणीचा शेवट गोड आहे, पण तो गोड होणार हे तिला माहीत नव्हतं. ती तांदूळ टाकत होती ती वर्षं फळाच्या आधीची वर्षं होती, आणि कहाणीने ती गाळली नाहीत. आपण मात्र ऐकताना त्यांच्यावरून उडी मारून पान्ह्यापाशी जातो. मराठीत या विषयावर यापुढे जे लिहिलं जाईल, त्याने निदान तेवढा वेळ त्या वर्षांत थांबावं, आणि थांबताना पैशांचा आकडाही लिहावा. बाई किती रडली याबरोबर तिने किती भरले, कुठून आणले, आणि फळ न येता किती काळ भरत राहिली, हाही या दुःखाचा इतिहास आहे.

अठरावा हप्ता गेल्या महिन्यात गेला. कर्ज फिटल्याचा संदेश आला, अभिनंदनासकट. नणंदेला मी दिवाळीत खरं सांगायचं ठरवलं आहे. गंठण अजून बँकेत आहे.